ख्मैस खारवाल्याचं कडू पाणी

आमच्या बीर मल्हा गावात हेवा कोणी लपवत नाही. नव्या टेम्पोच्या मागे वाळलेलं माशाचं शेपूट बांधतात, बाळाच्या झबल्याला चांदीचा पंजा टाचतात. शेजाऱ्याच्या पोटात दुखणार हे आम्ही आधीच धरून चालतो. पण स्वतःच्या बायकोच्या नोकरीवर जळणाऱ्या माणसासाठी आमच्याकडे ताईत मिळत नाही. ख्मैसचं जे झालं ते त्यातूनच झालं.

ख्मैस वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. ठेंगणा, रुंद, कमी बोलणारा. हात मिठाने चिरलेले, इतके की हस्तांदोलन करताना नवखा माणूस दचकायचा. वडिलांपासून चालत आलेली खारवणाची शेड त्याची. लिंबं, ऑलिव्ह, सलगम, बडीशेपेचे गड्डे, सगळं मिठाच्या पाण्यात मुरवायचं आणि नाबलच्या बाजारात पाठवायचं. त्याचं लिंबू जिभेवर ठेवलं की आधी आंबट, मग खारट आणि शेवटी फुलासारखा वास. हॉटेलवाले त्याचं नाव घेऊन माल मागायचे आणि त्याला त्याचा थोडा गर्वही होता.

मीठ तो सेबखातून आणायचा. गावाच्या दक्षिणेला ती खारी तळवट आहे, पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात पांढरी पडते. तिथलं मीठ स्वस्त, पण ओलं आणि कडवट. तसंच वापरलं तर लिंबं कडू होतात. म्हणून शरदात नवं मीठ आलं की आधी ते धुवायचं, आणि धुतलेलं कडू पाणी पिंपात भरून पुन्हा सेबखात नेऊन ओतायचं. ख्मैसचा बाप म्हणायचा, मीठ आपलं नाही, उसनं आहे, गोड तेवढं ठेवावं आणि कडू ज्याचं त्याला परत करावं. म्हातारी बेया, म्हणजे ख्मैसची आई, त्यावर आपली पुस्ती जोडायची, की कडू पाणी घरच्या मोरीत ओतलं तर घरात कटकट शिरते. आमच्याकडचा कुठलाही खारवाला हा नियम मोडत नाही. पेट्रोल महाग झालं तरी पिंपं सेबखात जातात.

जलीला त्याची बायको. लग्नाआधी ती सूस शहरात रसायनशास्त्र शिकली होती. लग्नानंतर पदर खोचावा तशी बाह्या सारून शेडमध्ये उभी राहिली आणि ख्मैसच्या बरोबरीने मीठ धुवू लागली. ती हसायची तेव्हा आधी नाकातून फुस्स असा आवाज यायचा, मग हसू. ख्मैसला वाटायचं, जगात हे हसू ऐकलेला मी एकटाच. पुढे गावाच्या सांडपाण्याच्या प्लँटमध्ये प्रयोगशाळेसाठी माणूस हवा झाला, तेव्हा त्यानेच तिला जा म्हटलं. तेव्हा प्लँट म्हणजे नाक दाबून जायची जागा होती. तीन तळी, थोडं क्लोरिन आणि ढगभर माशा. तिथे कोण कोणाचा हेवा करणार?

मग ओझोन आला.

आमच्या विहिरी समुद्राने खारवल्या होत्या. उपसा जास्त आणि पाऊस कमी, त्यामुळे समुद्र जमिनीखालून आत सरकला. सरकारचा विचार असा, की गावाचं सांडपाणी इतकं साफ करावं की ते खुशाल जमिनीत मुरवता येईल. मग वरून गोडं पाणी उतरेल आणि समुद्राला मागे रेटेल. त्यासाठी प्लँटच्या आवारात निळी इमारत उठली. आत हवेतून प्राणवायू वेगळा काढायचा, विजेच्या ठिणग्यांतून त्याचा ओझोन करायचा आणि तो पाण्यात बुडबुड्यांनी सोडायचा. रंग जातो, वास जातो, जंतू मरतात, लोकांच्या पोटातून उतरलेल्या औषधांचे अंशही तुटतात. आणि हे सगळं चालवायला ट्यूनिसहून इंजिनियर आला, नौफल.

"सी नौफल म्हणतात, या ठिणग्यांचा वास ओळखायला शिका," जलीला पहिल्या दिवशी जेवताना म्हणाली. "गळती झाली तर यंत्राआधी नाकाला कळतं."

"कसा असतो वास?" ख्मैसने विचारलं.

"वीज कडाडून गेल्यावर हवेला येतो ना, तसा."

त्या दिवसापासून ख्मैसला तिच्या केसांना तो वास येऊ लागला. खरं तर ओझोन इतका टिकत नाही, दाराबाहेर पडेपर्यंत विरतो. पण हेव्याचं नाक लांब असतं. आधी तिच्या केसांना सिरक्याचा वास असायचा, आणि तो वास म्हणजे ख्मैसचं घर होतं.

महिन्याभरात 'सी नौफल'मधलं आदराचं 'सी' गळलं. नौफल म्हणतो तळाशी वाळू बदलायला हवी. नौफल म्हणतो तुमच्या गावची भाकरी ट्यूनिसला मिळत नाही. नौफल म्हणतो माझा हात हलका आहे, बाटली हलत नाही. शेवटचं वाक्य ऐकून ख्मैसने घास तसाच ताटात ठेवला. जलीलाचा हात हलका आहे हे ख्मैसला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

म्हातारी बेयाच्या नजरेतून काही सुटत नसे. "वल्दी," ती म्हणाली, "तुझं तोंड का असं? लिंबं बिघडली?"

"काही नाही, उम्मी."

"माणूस जेवायला बोलाव त्याला. परका असेपर्यंत माणूस मोठा दिसतो. एकदा आपल्या ताटात जेवला की आपल्याएवढा होतो."

म्हातारीचा सल्ला चांगला होता, पण लागू पडला नाही. नौफल आला तो हातात मिठाई घेऊन. उंच, बारीक, नखं स्वच्छ. कुसकुसवर मासा होता, शेजारी ख्मैसची लिंबं. त्याने एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"सी ख्मैस, हे तुम्ही करता?"

"दुसरं कोण करणार?"

"मी आजवर जे खात होतो ते मग लिंबू नव्हतंच."

असं बोलणाऱ्या माणसाचा राग कसा करायचा, हाही एक प्रश्नच. ख्मैसला तो पडला नाही, कारण त्याचं लक्ष नौफलकडे नव्हतं, जलीलाकडे होतं. नौफलने प्लँटमधला एक किस्सा सांगितला, मुकादमाने टोपी हौदात पाडली आणि ओझोनने ती पांढरी होऊन बाहेर आली असा काहीतरी, आणि जलीलाच्या नाकातून फुस्स आवाज आला. मग हसू. ख्मैसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या खिशातली वस्तू कोणीतरी आपल्यासमोर काढून वापरावी आणि आपण पाहुणचार करत बसावं, असं त्याला झालं.

पुढे बोलणं कामावर आलं. नौफल पुदिन्याच्या चहात चमचा फिरवत म्हणाला, "सगळं जमलंय, सी ख्मैस, फक्त एका गोष्टीची धास्ती आहे. समुद्राच्या मिठात ब्रोमाइड म्हणून एक पदार्थ असतो. थोडासाच असतो आणि तसा निरुपद्रवी. पण त्याला ओझोन लागला की त्याचं ब्रोमेट होतं, आणि ते पोटात जाणं चांगलं नाही. कॅन्सरचा धोका सांगतात. एकदा झालं की वाळूने गाळून जात नाही, उकळून जात नाही."

"मग ओझोन कमी सोडायचा," ख्मैस म्हणाला.

"कमी सोडला तर वास आणि जंतू राहतात. जास्त सोडला तर ब्रोमेट वाढतं. आपल्या सांडपाण्यात सध्या मीठ बेताचं आहे म्हणून निभावतंय. जास्त आलं तर मी हात टेकले. सरकारी समिती इमारतीला कुलूप लावेल आणि मी जाईन ट्यूनिसला परत."

तो हसत बोलला. जलीलाही हसली. ख्मैसने मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

नवं मीठ आलं. ख्मैसने ते धुतलं, कडू पाण्याची पिंपं भरली आणि टेम्पोत चढवायच्या ऐवजी शेडच्या मोरीशी नेली. पहिलं पिंप आडवं करताना त्याला बापाची आठवण झाली. त्याने स्वतःला समजावलं की समुद्राचं मीठ समुद्राच्या गावात जातंय, त्यात बिघडलं काय. पाणी गुळगुळ करत गेलं. ती मोरी गावाच्या गटाराला जाते आणि गटार प्लँटला, हे त्याला ठाऊक होतं.

दोनच दिवसांनी जलीला कपाळाला आठ्या घालून आली. "ब्रोमेट चढलंय. कुठून ते कळत नाही. नौफलने दुपारी जेवणसुद्धा घेतलं नाही."

"अरेरे," ख्मैस म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

त्याने मनात मांडे खाल्ले होते ते असे: पाणी बिघडेल, इमारतीला कुलूप लागेल, लांबडा ट्यूनिसला जाईल, जलीला शेडमध्ये येईल. झालं भलतंच. पाणी जसजसं बिघडू लागलं तसतशी जलीला प्लँटमध्ये जास्त वेळ थांबू लागली. नमुने दुप्पट झाले. एरवी दुपारी घरी येणारी बाई दिवेलागणीला येऊ लागली, आणि आली तरी मन तिकडेच. ख्मैस तिची वाट पाहत जळायचा, आणि जळला की दुसऱ्या दिवशी आणखी एक पिंप ओतायचा. ज्याला घालवायला निघाला त्याच्याच शेजारी तो आपल्या हाताने बायकोला ढकलत होता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण हेवेकऱ्याला शहाणपण शिकवायचं म्हणजे मिठाला गोडी लावायची.

कॅफेवाला हसूना त्यात तेल ओतायला होताच. "काय ख्मैस, हल्ली मडाम दिसत नाहीत. इंजिनियर साहेबांचं काम फार वाढलंय म्हणे."

"तुझी कॉफी पातळ झालीय, तिकडे बघ," ख्मैस म्हणाला.

"माझी कॉफी पातळ आहेच. पण माझी बायको घरी आहे."

बेयाने मात्र वेगळंच हेरलं. "टेम्पोच्या चाकाला सेबखाचा चिखल नाही औंदा," ती एकदा दारातूनच म्हणाली. ख्मैस म्हणाला जाईन सावकाश. म्हातारीने तस्बीच्या मण्यांवर बोट थांबवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचा मणी ओढला.

मग ख्मैसच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. शेड बंद, सगळं घर केलीबियाला. नेमकं त्याच आठवड्यात राजधानीहून समितीची माणसं न सांगता आली आणि आपल्या हाताने नमुने घेऊन गेली. ख्मैस परतून पुन्हा पिंपं ओतू लागला तोवर त्यांचा निकाल आला, आणि त्यात ब्रोमेट जवळजवळ नव्हतंच. कागद समोरासमोर ठेवले तेव्हा प्रश्न पाण्याचा राहिला नाही, जलीलाचा झाला.

ती घरी आली ती सरळ ओट्याशी गेली आणि साबणाने हात धुवत राहिली.

"काय झालं?" ख्मैसने विचारलं.

"समितीचे मोठे साहेब म्हणाले, बाई, तुमच्या घरी खारवणाचा धंदा आहे ना? मिठाचे हात बाटलीला लागले की यंत्र फसतं. म्हणाले, सगळा गोंधळ लोणचीवालीच्या हाताचा आहे." ती पुन्हा साबण घेत होती. "मी हात धुतल्याशिवाय कधी बाटलीला बोट लावलं नाही, ख्मैस. तुला माहीत आहे."

ख्मैसला माहीत होतं. त्याला त्याहून जास्त माहीत होतं.

"नौफल काय म्हणाला?" त्याने विचारलं. एवढं होऊनही हाच प्रश्न त्याच्या तोंडातून निघाला.

"म्हणाला, यांच्या हाताची खात्री मी देतो, यांना काढायचं असेल तर आधी मला काढा. समिती पुढच्या सोमवारी परत येतेय. तोवर मीठ कुठून येतं ते सापडलं नाही, तर माझ्याकडून प्रयोगशाळेची किल्ली घेणार."

आता ख्मैसची स्थिती इकडे आड तिकडे विहीर. पाणी ओतायचं थांबवावं, तर ब्रोमेट उतरणार आणि जलीला खोटी ठरणार. ओतत राहावं, तर इमारतीला कुलूप लागून तिची नोकरी जाणार. तिसरा रस्ता तोंड उघडण्याचा. तो रस्ता त्याला दिसत होता, आणि तो दिसू नये म्हणून तो दिवसभर लिंबं चिरत बसला. त्यातही मध्येच त्याला नौफलचं वाक्य आठवायचं. यांच्या हाताची खात्री मी देतो. हा कोण खात्री देणारा? मग त्याची त्यालाच लाज वाटायची, आणि लाजेवर पुन्हा हेवा चढायचा. पिंपाला मात्र त्याने त्या आठवड्यात हात लावला नाही.

गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, जलीला आणि नौफल गावात उतरले. खारेपणा मोजायचं यंत्र दोरीला बांधून ते एकेक गटाराच्या झाकणाशी थांबायचे. मुकादम झाकण उचलायचा, नौफल दोरी सोडायचा, जलीला आकडा वाचायची. अख्खा गाव बघत होता. कोणी म्हणालं सोनं पडलंय वाटतं. बायका म्हणाल्या, जोडी बघा, फिरायला जागा कुठली शोधली. मशिदीपासून पोस्टापर्यंत आकडा होता तेवढाच राहिला. पोस्टापासून ते जुन्या पेठेकडे वळले.

ख्मैस शेडच्या दारात स्टुलावर बसून बघत होता. पाणी ओतून आठवडा झाला होता, पण आमच्या गल्लीतल्या गटाराला उतार नाही. कडू पाणी जड असतं, खळग्यांत तळाला बसून राहतं. ती दोघं एकेका झाकणाने जवळ येत होती. दर वेळी जलीला यंत्राकडे पाहून पुढे बोट दाखवायची, म्हणजे आकडा चढत होता. त्याला उठून आत जावंसं वाटलं, पण तो स्टूल धरून बसून राहिला.

गल्लीच्या तोंडाशी शेवटचं झाकण. त्याला दोनच नळ येऊन मिळतात, एक हम्मामचा आणि एक ख्मैसच्या शेडचा. नौफलने दोरी सोडली. जलीला वाकून बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि गल्लीतून थेट ख्मैसकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला सगळं कळलं होतं, एवढंच त्या नजरेत होतं.

"इथे काही नाही," ती म्हणाली. गल्ली अरुंद आहे, इकडचा शब्द तिकडे ऐकू येतो. "इथे नेहमीइतकंच आहे. चला, बंदराकडचा फाटा बघू."

नौफलनेही यंत्राकडे एकवार पाहिलं आणि दोरी गुंडाळली.

त्या दिवशी ती घरी आली, स्वयंपाक केला, वाढला.  ख्मैसने पहिला घास घेतला. भाजीत मीठ नव्हतं. बेयाने एक घास खाल्ला, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मीठ न मागता ताट संपवलं. ख्मैसनेही संपवलं. जलीला इतकंच म्हणाली, "सोमवारी किल्ली देऊन टाकीन. सांगेन, माझेच हात मिठाचे होते. मग शेडमध्ये येते. तुला माणूस हवाच आहे."

त्याला हेच हवं होतं, शब्दन् शब्द. आणि ते मिळाल्यावर त्याला ताटावर बसवेना.

रविवारी तो प्लँटवर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. निळ्या इमारतीच्या दारात तो वास आला, वीज कडाडून गेल्यासारखा. तिच्या केसांना येतो असं त्याला वाटायचं, तो हा नव्हताच. नौफल एका झडपेशी वाकला होता. ख्मैसला पाहून त्याने हात पुसले.

"या, सी ख्मैस. चहा घेणार?"

"ते मीठ माझं आहे," ख्मैस म्हणाला. सांगायला त्याने बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं विसरला. "धुतलेलं कडू पाणी. मी मुद्दाम ओततो."

नौफलने झडप बंद केली. मग म्हणाला, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"गुरुवारपासून. आकडा मीही वाचला. तिथून परतताना त्या म्हणाल्या, सी नौफल, तुम्ही माझ्या नवऱ्याची लिंबं खाल्ली आहेत. एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, हो, खाल्ली आहेत." त्याने झडपेवरचा थेंब बोटाने पुसला. "खाल्ल्या मिठाला मी जागतो, सी ख्मैस. माझ्या तोंडून निघणार नाही. पण तुमच्या तोंडाला कुलूप मी लावलेलं नाही."

ख्मैस तिथेच एका उलट्या बादलीवर बसला. त्या दोघांत काहीतरी गुपित आहे असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं. होतं तर. एकच होतं, आणि ते त्याचंच होतं. दोघं मिळून त्याची अब्रू झाकत होते, आणि जलीला तर स्वतःच्या अब्रूचं पांघरूण करून. असं काही तिने केलं यावर खूश व्हावं, की ते तिने दुसऱ्याला सोबत घेऊन केलं म्हणून पुन्हा जळावं, हे त्याला कळेना. खरं सांगायचं तर तो दोन्ही करत होता.

सोमवारी समिती बसली होती. जलीला पांढऱ्या कोटात उभी, किल्ली टेबलावर ठेवलेली. तेवढ्यात आवारात टेम्पो शिरला. ख्मैसने कडू पाण्याचं पिंप ढकलत आत आणलं आणि समितीच्या मोठ्या साहेबांच्या पायाशी उभं केलं.

"हिचे हात स्वच्छ आहेत," तो म्हणाला. "मिठाचे हात माझे. हे पाणी तपासा. हे मी मोरीत ओतत होतो."

"कशासाठी?" साहेबांनी विचारलं. "धंद्याची सोय म्हणून?"

होय म्हणण्याची ती चांगली संधी होती. दंड भरून, माफी मागून सुटला असता आणि आळशी खारवाला एवढीच बदनामी झाली असती. ख्मैसने जलीलाकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको म्हणून.

"नाही," तो म्हणाला. "सोय सेबखातच आहे. मला हेवा वाटला म्हणून."

"कोणाचा हेवा?"

"हिला इथे यायला आवडतं, त्याचा."

खोलीत कोणी हसलं नाही. मुकादम टोपी हातात फिरवत राहिला. जलीलाने भिंतीकडे तोंड केलं. साहेबांनी पिंपातलं पाणी बाटलीत भरायला सांगितलं, आणि भरायला माणूस शोधू लागले. शेवटी त्यांनी टेबलावरची किल्ली उचलून जलीलासमोर धरली, कारण ते काम तिथे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

गावात काय काय झालं ते सांगत नाही. हसूनाच्या कॅफेत वर्षभर दुसरा विषय नव्हता. नाबलच्या दोन हॉटेलवाल्यांनी माल बंद केला, नंतर एकाने परत सुरू केला. ख्मैसला गावाने 'हेवेकरी' असं नाव ठेवलं आणि ते अजून चिकटलेलं आहे. जलीला कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. गावासमोर खरं सांगितलं म्हणजे घरात माफी मिळते असं काही नसतं.

नवं मीठ पुन्हा आलं तेव्हा एक दिवस ती प्लँटवरून थेट शेडमध्ये आली. पिंपं भरून तयार होती. ती सरळ टेम्पोत बसली. सेबखावर वारा होता, पावलाखाली मीठ करकरत होतं. दोघांनी मिळून पिंपं आडवी केली आणि कडू पाणी पांढऱ्या जमिनीत जिरताना पाहत उभी राहिली.

"नौफल म्हणतो," जलीलाने सुरुवात केली आणि थांबली. तिने ख्मैसच्या तोंडाकडे पाहिलं.

ख्मैसच्या पोटात जळलंच. इतकं सगळं होऊनही जळलं. त्याने रिकामं पिंप उचलून टेम्पोत ठेवलं, हात झटकले.

"काय म्हणतो?" त्याने विचारलं.

तिच्या नाकातून फुस्स आवाज आला.